लाथ मारते असं लिव्हलेली गाय

बसा निवांत. चहा घरच्या दुधाचा हाय. ते दूध कुणी काढलं, ते पुढं कळंल.

मी कसा फसलो ते सांगतो. पण आधीच एक बोलून ठेवतो, मला कुणी फसवलं न्हाई. फसवलं असतं तर चार लोकांत शिव्या देऊन मोकळा झालो असतो. इथं शिव्या द्यायला माणूसच सापडंना, आणि सापडला तो नेमका मीच.

मी दगडू हेडी. हेडी म्हंजे जनावराच्या बाजारातला दलाल. देवणीच्या अंगाला आमचं गाव. शाळा चौथीपस्तोर. अक्षर लावून लावून वाचतो, सही करतो, आणि जनावराच्या तोंडात हात घालून त्याचं वय सांगतो. तेवढ्या शिक्षणावर जन्म काढला.

आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलायची रीत न्हाई. दोघांच्या हातावर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव सांगायचा. शेजारी उभा असलेल्याला पत्ता लागत न्हाई. म्हंजे खरा व्यवहार रुमालाखाली. तोंडानं जे चालतं ती सगळी करमणूक.

विकणारा म्हणला, "लेकरासारखी गरीब हाय," तर समजायचं की शिंग मारते. "दुधाला तोड न्हाई" म्हणला तर त्याच्या घरी काळा चहा पितात. "घरी जरा अडचण हाय म्हणून काढतोय" म्हणला तर ती अडचण म्हंजे तीच गाय. मी जन्मभर सगळं उलटं करून ऐकलं. बायकोचं बी.

आता मला गाय कशाला लागली?

माझी लेक अनिता उमरीला दिलीय. पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, आणि तिची सासू तिला सोडायला येणार होती. ही इहीणबाई मागच्या खेपंला आली तेव्हा आमची गाय आटली होती. इहीणबाईनं चहाचा एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "पाकिटाचं दूध हाय वाटतं. हेड्याच्या घरी?"

बस. एवढंच बोलली. पण ते "हेड्याच्या घरी" माझ्या छातीत रुतून बसलं. मी त्याच दिशी बायकोला सांगून टाकलं, "लेक यायच्या आत दावणीला दुभती गाय उभी करतो, न्हाई तर मिशी उतरवतो."

सोजर, म्हंजे माझी बायको, म्हणाली, "मिशीला दूध येतंय का? गाय आणा."

पण बाजारात जायचं तर गुडघे गेलेले. दिवसभर उभं राहणं होईना. सोजरचा उजवा हात प्लॅस्टरात, मोरीत घसरून पडली होती. मी पेंड आणायला रफीकच्या दुकानात गेलो तर तो म्हणाला, "काका, बाजारात जायची जरूरतच नै. आपला ग्रुप हाय की फोनवर. फोटो बघा, वर्णन वाचा, बोली लावा. ज्याची बोली वर, त्याचं जनावर."

ग्रुप हा रफीकच चालवतो. त्याचे दोन कायदे. एक, विकणाऱ्यानं जनावराचं खरं वर्णन लिव्हायचं. खोटं निघालं तर जनावर परत. खरं निघालं तर परत न्हाई, मग घेणाऱ्यानं कपाळ बडवलं तरी. दुसरा, आत येणाऱ्यानं आपली बी ओळख टाकायची, म्हंजे विकणाऱ्याला कळतं की आपलं जनावर कुणाच्या घरी चाललंय.

मी सांगत गेलो, रफीक टाइप करत गेला. "दगडू हेडी. जनावराचा जाणकार. आजवर फसला न्हाई. घरात सगळ्यांना जनावराची सवय. स्वभाव शांत."

घरी येऊन सोजरला वाचून दाखवलं. "स्वभाव शांत" आलं तशी ती एवढी हसली की प्लॅस्टर उखळावर आपटलं. मग रडायला लागली, आणि रडता रडता परत हसायला लागली. मी तिच्यावर खेकसलो. तेव्हा तर अजूनच हसली.

ग्रुप बघायला लागलो तर पहिल्याच दिशी मला लाज वाटली. भाव सगळ्यांसमोर. रुमाल न्हाई, बोटं न्हाई, नागड्यानं चावडीवर जाऊन उभं राहिल्यावानी. पण वर्णनं मात्र ओळखीची निघाली. "गरीब गाय." "घरगुती वापर." "बघताक्षणी पसंत पडेल." मी सगळी उलटी करून वाचली आणि एकेकाला बाद करत गेलो.

आणि मग ती दिसली. देवणी गाय, अंगावर काळे-पांढरे ठिपके, भरलेली कास, मागं वासरी. विकणारी सुजाता मॅडम, नांदेडला शाळेत मास्तरीण. तिची आई जळकोटकडं गाय पाळून होती. आता आईला नांदेडला नेली होती, आणि तिथं दुसऱ्या मजल्यावर गाय कुठं बांधायची? त्या मॅडमनं लिव्हलं होतं ते असं:

"नाव चंद्री. तिसरं वेत. दूध चांगलं आहे. आता खोडी सांगते. ती फक्त बाईच्या हातानं दूध देते. पुरुष धारेला बसला तर पान्हा चोरते आणि लाथ मारते. दाव्याची गाठ तोंडानं सोडते. कुकरची शिट्टी ऐकली की हंबरते. कापड दिसलं की चघळते. घेण्याआधी येऊन स्वतः धार काढून बघावी. सगळं सांगितलं आहे, नंतर तक्रार करू नये."

मी दोनदा वाचलं. मग सोजरला हाक मारली, "इकडं ये. बघ ही बाई किती पोचलेली हाय."

"का? काय लिव्हलंय?"

मी वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "मग ही आपल्या कामाची न्हाई. माझा हात असा, अनिता अवघडलेली. धार तुम्हीच काढणार. आणि ती तर पुरुषाला लाथ मारते."

"तुला बाजार कळत न्हाई. कुणी आपल्या गाईची खोड सांगतो का? जन्मात ऐकलंस?"

"तिनं सांगितली की."

"म्हणूनच. तिच्या कुण्या पाहुण्याला गाय स्वस्तात द्यायचीय. परस्पर दिली तर बाकीचे पाहुणे रुसतील, म्हणून ग्रुपात टाकली. आणि दुसऱ्यांनी हात लावू न्हाई म्हणून वर ह्या खोडी चिकटवल्या. कुकरची शिट्टी म्हणे. एवढं बारीक खोटं बोलायला डोकं लागतं."

"आवं, पण खरं असलं तर?"

"खरं कुणी लिव्हतं का?"

"निदान जाऊन धार काढून तरी बघा. तिनंच सांगितलंय."

आता ऐका, माझा शहाणपणा कसा असतो ते. हेडी गाय बघायला गेला की समोरच्याला कळतं की गाय भारी हाय, आणि भाव चढतो. म्हणून मी गेलो न्हाई. फोटोत कास बघितली, दोन बोटांनी फोटो मोठा करून शिंगं बघितली, खूर बघितले. फोटोच्या तोंडात हात घालता येत न्हाई, तेवढंच राहिलं.

बोली सुरू झाली. मला वाटलं, खोडी वाचून कुणी येणार न्हाई. तर एक शोभा नावाची बाई आली. मी मनात म्हणलं, सापडली. हीच ती पाहुणी. मॅडमची बहीण असणार, न्हाई तर नणंद.

तिनं आकडा टाकला की मी वर टाकायचो. ती परत टाकायची. मला घाम. एका हातात फोन, दुसऱ्या हातात मिशी. सोजर मागून म्हणते, "काय करून राहिलाव, पुरं आता." मी म्हणतो, "नणंद हाय ती. आता सोडंल." शेवटी शोभाबाईनं हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि गेली. मी मांडीवर थाप मारली. आकडा सांगत न्हाई. घरात अजून खरा ठाऊक न्हाई.

टेम्पोतून चंद्री उतरली. काय डौल होता! अर्धं गाव बघायला आलं. मी तिच्या तोंडात हात घातला, दात मोजले, वय तिसऱ्यांदा व्यालेल्या गाईचंच, लिव्हल्याप्रमाणं निघालं. मला जरा चुकल्यासारखं वाटलं. पण म्हणलं, एखादी गोष्ट खरी लिव्हावी लागते, बाकीचं खपायला.

सांजच्याला चरवी घेऊन बसलो. वासरी सोडली, पान्हा फुटला, वासरी ओढून बाजूला बांधली आणि मी कासेला हात लावला.

कास अशी आत गेली जसा शाळेतला पोरगा मास्तर बघून बाकाखाली जातो. थेंब न्हाई. मी म्हणलं, नवी जागा हाय, लाजली असंल. परत हात लावला. मग चरवी एकीकडं, मी एकीकडं. तिनं लाथ उगाच झाडली न्हाई, नेम धरून मारली.

सोजर दारातून म्हणाली, "लिव्हल्याप्रमाणं हाय का?"

दुसऱ्या दिशी सकाळी परत तेच. मी मॅडमला फोन लावला.

"बाई, तुम्ही मला फसवलंत."

"काय झालं काका? काही आजार निघाला का?" बाई घाबरलीच.

"आजार न्हाई. लाथ मारते."

"हो, मारते. मी लिहिलं होतं."

"दूध देत न्हाई."

"तुम्हाला देणार नाही. तेही लिहिलं होतं."

"लिव्हलं होतं हो, पण खरं का लिव्हलं?"

बाई हळूच म्हणाली, "काका, मला समजलं नाही. मी काय लपवलं?"

"काहीच लपवलं न्हाई, हीच तर फसवणूक. एखादी तरी गोष्ट लपवायची, म्हंजे माणसाला अंदाज येतो."

"काका, मी धार काढून बघायला या असंही लिहिलं होतं. शोभाताई येऊन काढून गेल्या."

म्हंजे ती नणंद न्हवती. ती खरंच गाय घ्यायला आलेली बाई होती, वर्णन वाचून, गाय बघून. मी तिचा नंबर मिळवून विचारलं, घेता का? ती म्हणाली, दुसरी घेतली.

मग रफीकला धरलं. "गाय परत घ्यायला लाव."

"काका, वर्णन झूट निकला तो वापस. एक बी बात झूट निकली क्या?"

"अजून बघतोय," मी म्हणलं.

आणि खरंच बघायला लागलो. आता माझी इच्छा काय होती, तर माझ्या गाईत एखादी लपवलेली खोड निघावी. जगात असं गिऱ्हाईक झालं न्हाई. दाव्याला हेड्याची गाठ मारली, जी सोडवायला मला बी दात लावावे लागतात. चंद्रीनं मान तिरकी केली आणि जिभेनं-दातानं सोडून परसात हिंडायला गेली. सोजरला म्हणलं, कुकर लाव. शिट्टी झाली, चंद्री हंबरली. म्हणलं, योगायोग असंल, परत लाव. डाळीचा चिखल झाला, पण प्रत्येक शिट्टीला हंबरली. वाळत घातलेलं माझं धोतर तर तपासायची बी गरज पडली न्हाई. ते आधीच गेलं होतं.

कुणी माणूस आपल्या गाईविषयी एवढं खरं बोलतो, हे मला सहन होईना.

तेवढ्यात अनिताचा फोन आला, "बाबा, उद्या सकाळच्या गाडीनं येतो. आत्याबाई बी येऊन राहिल्यात. गाय घेतलीत ना? मी सांगून ठेवलंय त्यांना, बाबांनी देवणी गाय घेतली." सासूला ती आत्याबाई म्हणते.

दावणीला एवढी भरल्या कासेची गाय आणि घरात पाकीट आणायचं? इहीणबाईनं एकदा "हेड्याच्या घरी" म्हणलं होतं, आता काय म्हणंल?

शेजारणीला धारेला बोलावलं तर गावभर बोभाटा, म्हणून आधी घरातच एक तोड काढली. सोजर डाव्या हातानं गाईला थोपटत बसली, बोलत राहिली, आणि तिच्या पाठीमागून मी हळूच हात घातला. चंद्रीनं सोजरला जरा बी धक्का न लावता बरोबर माझं मनगट उडवलं.

मग मीच म्हणलं, "तुझं लुगडं दे."

"कशाला?"

"नेसतो."

सोजर माझ्याकडं बघत राहिली. "आवं, शेजारपाजार..."

"शेजार गेला चुलीत. सकाळी कवाड लावून घे."

सकाळी तिनं एका हातानं मला लुगडं गुंडाळलं. बांगड्या मनगटावर चढंनात, म्हणून बोटांत अडकवल्या, नुसत्या वाजायला. पदर डोक्यावरून ओढून मिशीवर आणला आणि दातात धरला. सोजर तोंडात पदर कोंबून हसत होती. मी पदर दातात धरून तिला शिव्या देत होतो. त्या शिव्या कुणाला कळल्या न्हाईत, हे बरं झालं.

चरवी घेऊन बायकी चालीनं गेलो. पाटावर बसलो. बांगड्या वाजवल्या.

चंद्रीनं मान वळवली. आधी पाय बघितले. मग वर बघितलं. मग नाक पुढं करून माझ्या तोंडाचा वास घेतला. तोंडाला तंबाखूचा वास. खालून वर, वरून खाली, अगदी बिनघाईनं. मी पन्नास वर्षं बाजारात जनावरं अशीच बघत आलो, पाय, अंग, शेवटी तोंड. त्या सकाळी जनावरानं मला बघितलं आणि नापास केलं.

मग तिनं माझा पदर तोंडात धरला आणि चघळायला घेतला. कापड दिसलं की चघळते, लिव्हलेलंच होतं. पदर ओढला गेला तशी मिशी उघडी पडली. मिशी दिसली तशी लाथ आली. मी उताणा, पदर परत तोंडावर, लुगडं शेणात, चरवी गडगडत कवाडापस्तोर.

नेमकं तेव्हाच कवाड उघडलं.

"अगं बाई, सोजरबाई पडल्या!" म्हणून इहीणबाई हातातली पिशवी टाकून पळत आली. सोजरचा हात प्लॅस्टरात, म्हणून बिचारीनं काखेत हात घालून मला उचललं, तोंडावरचा पदर बाजूला करायला गेली, आणि तिच्या हाताला मिशी लागली.

कवाडात अनिता पोटावर हात ठेवून उभी होती. इहीणबाईनं मला परत सावकाश खाली ठेवलं.

"इवाई," ती म्हणाली, "तब्येत बरी हाय ना?"

सोजरनं सगळं सांगितलं. एक शब्द गाळला न्हाई. ती बी त्या मास्तरणीसारखी वागायला लागली, त्याच दिशी नेमकी.

इहीणबाईनं ऐकून घेतलं, पदर खोचला, चरवी विसळली आणि गाईपुढं जाऊन तिच्या कपाळावर हात ठेवला. "चंद्रे, काय गं, छळलं का तुला?" म्हणाली आणि खाली बसली. चंद्रीनं डोळे मिटले. दुधाची धार चरवीत अशी वाजायला लागली की माझ्या कानशिलात बसल्यावानी वाटलं. चरवी काठोकाठ.

चहा झाला. इहीणबाईनं घोट घेतला. मी लुगडं सोडून धोतर नेसून बसलो होतो, उरलेलं धोतर.

"घरचं दूध हाय," ती म्हणाली. "गोड हाय. पण इवाई, पाकीट सोपं. फोडायला पाहुणा लागत न्हाई."

ती दुपारच्या गाडीनं परत जाणार होती. सांजची धार कोण काढणार? सोजरनं तिचा हात धरला, अनितानं "आत्याबाई, राहा की" म्हणलं, आणि इहीणबाई राहिली. ती दुपारची गाडी आजपस्तोर गेलेली न्हाई. नातू झाला, त्याचं नाव इहीणबाईनं ठेवलं. सोजरचं प्लॅस्टर निघालं, तर डॉक्टर म्हणतो, अजून पिळायचं काम करायचं न्हाई. मी कुठं तंबाखू थुंकायची, किती वाजता जेवायचं, कोणत्या आवाजात बोलायचं, हे सगळं इहीणबाई ठरवते. मी जरा आवाज चढवला की ती चरवी उचलते आणि नुसती माझ्याकडं बघते. मी गप्प. तसा आता माझा स्वभाव शांत झालाय म्हणायला हरकत न्हाई.

परवा रफीकचा निरोप आला. "काका, ग्रुपचा रिवाज हाय. घेणाऱ्यानं सांगावं लागतं, माल वर्णनाप्रमाणं निकला का नै. मॅडमचा नाव खराब होतोय, लोकं पूछतात."

मला खोटं बोलता आलं असतं. जन्मभर तेच ऐकलंय. पण फोन उघडला तर वर माझीच ओळख दिसली. जनावराचा जाणकार. आजवर फसला न्हाई. स्वभाव शांत. मी ती नीट वाचली. ह्या खेपंला उलटी करून.

मग बोलून पाठवलं, लिव्हायला बोटं धजंनात. "रामराम. गाय वर्णनाप्रमाणं हाय. घेणारा न्हाई."

खाली पहिला अंगठा आला. कुणाचा म्हणून बघितलं, तर इहीणबाई. ग्रुपात कधी शिरली कोण जाणे. आतल्या खोलीतून हसू ऐकू आलं, आणि कुकरची शिट्टी नसताना बी गोठ्यात चंद्री हंबरली.